पिल्लाच्या वतीने हरकत

नवी मुंबई हे कागदावर जन्मलेले शहर आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडच्या भातशेतीवर व मिठागरांवर नवे रहिवासी येण्यापूर्वीच नोड, सेक्टर आणि भूखंड या त्रयीने तेथे आपला मुक्काम ठोकला. साहजिकच येथील गृहस्थाच्या ठायी दस्तऐवजाविषयी एक उपजत आदर वास करतो. नेरूळला घर घ्यावयाचे ठरले, तर हा गृहस्थ सिडकोच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यातील किती वर्षे शिल्लक आहेत याची मोजदाद करतो, भोगवटा प्रमाणपत्र उजेडाकडे धरून पाहतो, मागच्या मालकांची खरेदीखते वकिलाकडून तपासून घेतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतो, आणि एवढे करूनही पावसाळ्यात भिंतीला ओल येते किंवा कसे, हे शेजाऱ्यास खासगीत विचारल्यावाचून बयाणा देत नाही. हाच चिकित्सक पुरुष घरात कुत्र्याचे पिल्लू आणावयास निघतो, तेव्हा मात्र मोबाईलवर आलेल्या एका छायाचित्रावर भाळून, कोण्या अनोळखी इसमास रेल्वे स्थानकाबाहेर गाठून, रोख रक्कम मोजून, पावतीचा शब्दही न काढता पुठ्ठ्याचे एक खोके उराशी धरून परततो. आणि त्या खोक्यात बारा-चौदा वर्षांचे दायित्व कुईंकुईं करीत आहे, हे त्याच्या गावीही नसते.

या व्यवहारात ज्याची कैफियत कोणीच ऐकून घेत नाही, त्या पक्षकाराचे वकीलपत्र आम्ही आज स्वेच्छेने व विनामोबदला स्वीकारीत आहोत.

आमच्या अशिलाची पहिली हरकत निवडीच्या निकषांविषयी आहे. मानवी वधूवरांच्या बाबतीत निदान पत्रिका तरी पाहिली जाते. श्वानाच्या बाबतीत जाहिरात पाहिली जाते. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका मुलाच्या मागे मागे चालला, आणि तेव्हापासून त्या चपट्या नाकाच्या जीवाची मागणी देशभर अशी वाढली की, त्याच्या घोरण्याला घरातील मंडळी लडिवाळपणा समजू लागली व पशुवैद्य श्वसनाचा विकार म्हणत राहिले. पुढे हस्कीची पाळी आली. सायबेरियाच्या हिमात गाडी ओढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडलेला, अंगावर दुहेरी लोकर बाळगणारा हा प्राणी मे महिन्यातील खारघरमध्ये वातानुकूलित शयनगृहाच्या दाराशी पडून असतो. त्याच्या धन्यास विजेच्या बिलाचे दुःख होते, आणि प्राण्यास नेमके कशाचे दुःख होते हे विचारण्याची प्रथा नाही. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ, राजपालयम आदी देशी जातींची शिफारस केली, तेव्हा काही देशाभिमानी गृहस्थांनी परदेशी जातींचा तात्काळ त्याग केला, परंतु घोरपडे संस्थानिकांच्या आश्रयाने नावारूपास आलेला, मोकळ्या माळावर सशामागे धावण्यासाठी घडलेला तो शिकारी मुधोळ हाऊंड दोन शयनगृहांच्या सदनिकेत कोणत्या दिशेने धावणार, हा प्रश्न देशाभिमानाच्या कक्षेबाहेरचा ठरला.

दुसरी हरकत वयाची व मातेची. श्वान प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असली पाहिजे, आणि आठ आठवडे पूर्ण न झालेले पिल्लू विकता येत नाही. हा नियम सरकारी लहर नव्हे. चावा किती जोराने घ्यावा आणि कोठे आवरावा, हा शिष्टाचार पिल्लू आईजवळ व भावंडांशी झोंबताना शिकते. ते शिक्षण अर्धवट सोडवून आणलेला विद्यार्थी पुढे घरातील आजोबांच्या पोटरीवर प्रयोग करतो. लसीकरणही साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने पुरे व्हावयाचे असते. ते धड झालेले नसेल तर पार्व्होसारखा रोग चार-दोन दिवसांत पिल्लू संपवतो, आणि विक्रेत्याचा दूरध्वनी त्याहून अगोदर बंद पडतो. म्हणून जाणते लोक सांगतात की, पिल्लाची आई व तिची राहण्याची जागा प्रत्यक्ष पाहावी, आणि ती दाखविण्यास जो टाळाटाळ करील त्याच्या दारातून रिकाम्या हाती परतावे. आमचा ग्राहक आईविषयी अवाक्षर काढीत नाही. तो विचारतो केनेल क्लबच्या कागदाविषयी. आणि त्या कागदावर पिल्लाचे पणजोबा अजिंक्यवीर होते असे वाचून त्याचा ऊर भरून येतो, जरी स्वतःच्या पणजोबांचे नाव आठवण्यासाठी त्यास चिपळूणच्या काकांना फोन करावा लागत असला तरी.

तिसरी हरकत घरातील कामवाटपाची आहे. दहावीत नव्वद टक्के मिळविल्याबद्दल चिरंजीवांना पिल्लू बक्षीस मिळते. चिरंजीव पहिला आठवडाभर ते फिरवतात, दुसऱ्या आठवड्यात क्लास सुरू होतो, आणि हा कारभार आईकडून आजोबांकडे व आजोबांकडून कामाच्या मावशींकडे असा फेरफार होत जातो, ज्याची नोंद कोणत्याही दप्तरी नसते. दरम्यान सोसायटीचे चिटणीस लिफ्टपाशी कुत्र्यांना मज्जाव करणारा फलक लावतात. अशी सरसकट बंदी सोसायट्यांना घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळविले आहे, आणि त्या परिपत्रकाची प्रत आमचे गृहस्थ खिशात बाळगतात. विष्ठा उचलण्याची पिशवी मात्र बाळगत नाहीत. हक्काचा कागद पाठ आणि कर्तव्याची पिशवी घरी, या अवस्थेत पाम बीच रस्त्यालगतची पहाटेची पदयात्रा पार पडते.

चौथी हरकत सर्वांत गंभीर. हौस ओसरते, बदली होते, सूनबाईंना ॲलर्जी निघते, आणि एके दिवशी कुत्रे दिसेनासे होते. विचारले असता ‘गावाकडे फार्महाऊसवर दिलाय, मजेत आहे’ असे सांगण्यात येते. या हिशेबाने कर्जत-नेरळ पट्ट्यात जितकी फार्महाऊसे असावयास हवीत, तितकी तलाठ्याच्या दप्तरातही सापडणार नाहीत. गळ्यात पट्ट्याची खूण असलेले, रस्ता कसा ओलांडावा हे ठाऊक नसलेले लॅब्राडोर एखाद्या उड्डाणपुलाखाली सापडते, तेव्हा ते फार्महाऊस कोठे होते याचा उलगडा होतो. उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा स्थितीत सबळ कारणाविना जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खालील गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्यास कमीत कमी दहा व जास्तीत जास्त पन्नास रुपये दंडाची जरब कायद्याने आजवर तशीच राखली आहे. पन्नास रुपयांत वाशीला मसाला डोसा मिळणे कठीण झाले आहे. बेइमानी मात्र मिळते.

प्रतिपक्ष म्हणेल, मग पिल्लू आणूच नये काय? आणावे की. सेक्टरातील उभ्या मोटारीखाली जे ‘गावठी’ म्हणून हिणवले जाते, ते येथील दमट हवेत पिढ्यान्‌पिढ्या तगलेले आहे. त्याला वातानुकूलन लागत नाही आणि वंशावळीचा खर्चही नाही. पशुवैद्याकडून तपासणी, लस, वेळ येताच नसबंदी, आणि महापालिकेचा परवाना एवढे केले की दस्त पुरा होतो. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेकडे अर्ज करून भटकी कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली, आणि ते जनावर पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाराच्या शिरावर टाकली. सारी मेख या उत्तरार्धात आहे.

म्हणून आमचे अशील अशी मागणी करते की, यापुढे कुटुंबाने पिल्लाची पाहणी न करता पिल्लाने कुटुंबाची जबानी घ्यावी. जुलैच्या धो धो पावसात पहाटे खाली कोण जाणार? दिवाळीत सहकुटुंब कोकणात गेल्यावर, फटाक्यांच्या त्या रात्री मजपाशी कोण बसणार? मी म्हातारे होईन तेव्हा चिरंजीव कोणत्या देशात असतील? जे कुटुंब या प्रश्नांची उत्तरे हसतमुखाने, तत्क्षणी व एका सुरात देईल, त्याचा अर्ज तेथल्या तेथे फेटाळावा. जे कुटुंब एकमेकांच्या तोंडाकडे पाहील आणि विचारासाठी मुदत मागेल, त्याला ती जरूर द्यावी. आणि मुदतीअंती त्याने अर्ज मागे घेतला, तर एका मुक्या पक्षकाराचा दावा आपण खर्चासह जिंकला, असे आम्ही समजू.