भाव न पडणारं पीक

मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळेपणीच कापून खायची रोपं, अमरावतीच्या सोसायट्यांमध्ये पोचली ती अलीकडे. पण घरात धान्य रुजवायला या अंबानगरीत कुणाला शिकवावं लागत नाही. नवरात्रात घट बसला की पत्रावळीवर वावरातली माती पसरायची, गहू-ज्वारी पेरायची, रोज चूळभर पाणी द्यायचं. देवघरात ऊन येत नाही म्हणून कोंब पिवळे निघतात, आणि दसऱ्याला तेच टोपीत खोवून माणसं सोनं वाटायला निघतात. मायक्रोग्रीन्समधल्या वाटाण्याचे कोंब डोक्यावर न जाता पोटात जातात, नवलाई असलीच तर एवढीच.

कृती सोपी आहे. किराण्यातला अख्खा सुका वाटाणा घ्यायचा. डाळ उगवत नाही. कृषी केंद्रातलं बियाणं मात्र खायच्या कामाचं नाही, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. वाटाणा रात्रभर भिजवायचा, तळाला भोकं असलेल्या पसरट ट्रेमध्ये दोन बोटं मातीवर दाट पसरायचा, दोन-तीन दिवस झाकून ठेवायचा, मग उजेडात आणायचा. पंधरवड्यात वीतभर पाला हाती येतो. कापताना सगळ्यात खालचं पान राखायचं. वाटाण्याची दलं मातीतच राहतात, आणि खालच्या पेरातून दुसरा फुटवा येतो.

हे सारं थंडीत. वाटाणा थंडीचा लाडका, आणि आपला मुलूख उन्हाचा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे सरकतो, तेव्हा ट्रे कुलरसमोर ठेवण्याचा मोह होतो. पण मग घरात वाऱ्यासाठी रांग लागते आणि रांगेत पहिला नंबर वाटाण्याचा. त्यापेक्षा कार्तिक-मार्गशीर्ष बरा.

याच दिवसांत अमरावतीच्या इतवाऱ्यात हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचे वाटे लागतात, आणि इथं वाटाण्याला खरा भाऊबंद भेटतो. त्या पाल्याचा घोळाणा करायला गॅस पेटवावा लागत नाही. पाला चिरायचा, त्यात कांदा, हिरवी मिरची, मीठ, कच्चं तेल घालायचं आणि ज्वारीची भाकर पुढ्यात घ्यायची. हरभऱ्याच्या पानांवरची लव आम्ल सोडते, त्यामुळे भाजीला मुळातच आंबटपणा असतो. जुनी माणसं रात्री पिकावर धुतलेलं फडकं पसरत आणि सकाळी दवासकट पिळून ती आंब पोटदुखीसाठी बाटलीत भरून ठेवत. वाटाण्याचा पाला त्या मानानं सालस, गोडसर, भांडण न करणारा.

आमचे अकोल्याचे मामा मात्र सालसपणावर भाळणारे नाहीत. अकोल्यात १९६९ पासून पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तेव्हापासून तिथला प्रत्येक माणूस स्वतःला निम्मा शास्त्रज्ञ समजतो आणि मामा उरलेला निम्माही समजतात. हरभरा म्हटलं की 'जाकी ९२१८' या वाणावर तासभर बोलतील. गॅलरीतला ट्रे त्यांनी सरकारी पंचनाम्याच्या नजरेनं पाहिला.

"हे काय पेरलं बापा?"

"वाटाणा, मामा. शेंगा नाही धरू द्यायच्या. कोवळा पालाच खायचा."

"म्हंजे पिकू द्याचाच नाही? मंग पेरला कायले?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. शेतकरीही हरभऱ्याचे शेंडे खुडतो, पण पेरणीनंतर महिनाभरानं, फुलं लागायच्या आत. त्यानं झाड बाजूनं फुटतं, फांद्या वाढतात, घाटे जास्त धरतात. भाजी मिळते ती वरकमाई. आम्ही मूळ पीकच वरकमाई म्हणून खाऊन टाकत होतो.

पुढच्या खेपेला मामांनी वावरातली काळी माती पिशवीभर आणली. ही माती पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते म्हणून कोरडवाहू हरभरा डिसेंबरातही तग धरतो. ट्रेमध्ये मात्र तिनं आपला वावरातला रुबाब सोडला नाही. ओली झाली की चिखल, सुकली की भेगा. शेणखत आणि रेती घातल्यावर कुठं ती फ्लॅटमध्ये राहायला तयार झाली.

ट्रेमधल्या या पिकाचं खरं मोठेपण नंतर ध्यानात येतं. ते संकटांच्या आधी संपतं. घाटेअळीचा खरा डोळा घाट्यांवर असतो. इथं फूलसुद्धा येत नाही. गारा गॅलरीत शिरत नाहीत. कर्ज नाही, मजूर नाही, बाजार समितीत बैलगाडी उभी करून लिलावाची वाट पाहणं नाही. म्हणूनच याला शेती म्हणण्याचा आगाऊपणा करू नये. ट्रेच्या एका कोपऱ्यात पांढरी बुरशी दिसली तरी आम्ही घरभर चर्चा करतो. दहा एकरांवर ढग दाटून आले की ज्याची झोप उडते, त्याच्यासमोर ही चर्चा हळू आवाजात करावी.

मामींनी पाला लसूण-मिरचीच्या फोडणीत परतला, वरून थोडं बेसन भुरभुरलं. चौघांच्या ताटात दोन-दोन घास आले. मामांनी बोटं चाटत विचारलं, "भाव काय म्हन्ते याचा?"

"विकायचाच नाही, मामा."

"मंग पडाचाबी नाही," मामा म्हणाले, आणि दुसरा तोडा कोणत्या तारखेला, ते विचारून एसटीचा बेत त्याप्रमाणे बदलला.