टाकळ्याचा भाव

रानभाजी महोत्सवाला गेलो. पार्किंगला जागा मिळेना, म्हणून गाडी रस्त्याकडेच्या टाकळ्यावरच लावली. आत मांडवात तोच टाकळा पन्नास रुपये जुडी! टोपलीत ठेवला की तणाची रानभाजी होते.

पाड्यावरून आलेल्या मावशींपुढे करटोली, कुर्डू, भारंगी मांडलेली. गॉगलवाल्या बाईंनी विचारलं, "मावशी, हे ऑरगॅनिक आहे ना?"

"डोंगरात उगवलंय बाई, तिथं खत कोण घालतंय?"

बाईंचं समाधान झालं नाही. त्यांना सर्टिफिकेट हवं होतं. शेजारचे काका भर श्रावणात शेवळं शोधत होते. ती पहिल्या पावसातच येऊन जातात, आणि काकडाची फळं न घालता शिजवली तर घसा असा खाजतो की भाषण करता येत नाही. (आयोजकांनी विचार करायला हरकत नाही.)

कारण व्यासपीठावर स्थानिक अन्नावर पाऊण तास भाषण चाललं होतं. वक्त्यांसमोर बाटलीबंद पाणी आणि काजू-बदामांची बशी. सर्वांत लांब रांग नाचणी-चीज पिझ्झ्याला. मावशी मात्र घरून आणलेली भाकरीची पुरचुंडी सोडून बसल्या होत्या.

परतलो तर गाडीभोवतीचा टाकळा कुणीतरी खुडून नेला होता.