पेटीतली पकड

घरात हातोडी, पकड, पेचकस आणि टेस्टर हवाच, असं शहरातले जाणकार सांगतात. गडचिरोलीत ही यादी अपुरी पडते. माकडांनी कवेलू फोडले, छपराचा बांबू मोडला, की कुऱ्हाडीआधी निस्तारपत्रक, म्हणजे गावाला जंगलातून घरगुती गरजेसाठी काय घेता येतं याची सरकारी नोंद, शोधा. १९२७च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवलं. बांबू बिचारा गवतच राहिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला २००९मध्ये; बांबू विकायला वाहतूक परवाना मिळाला २०११मध्ये, तोही केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा. २०१७मध्ये बांबू झाडांच्या व्याख्येतून सुटला, पण जंगलातल्या बांबूवर वन कायद्याची पकड कायम राहिली. तेव्हा पकड विकत घेऊ नका, सरकारकडे आहे. पेटीत तेवढ्या जागेत एक केंद्रीय मंत्री ठेवा.