चार बोटांचं एकत्र कुटुंब

गुलमर्गला स्कीइंगला जाताय? मग पाचबोटी हातमोजे नकोत, चामड्याचे मिटन घ्या. त्यात चारही बोटं एकाच खोलीत राहून एकमेकांना ऊब देतात. अंगठ्याचं तेवढं वेगळं बिऱ्हाड, म्हणून तो आधी गारठतो. एकत्र कुटुंबाचा इतका सबळ पुरावा आमच्या सासूबाईंनाही सापडला नव्हता. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द मात्र दुकानाच्या उंबऱ्यापुरता. पुढे शिवणीशिवणीत मधमाश्यांचं मेण बोटानं जिरवायचं, ते आपणच. भिजले तर हॉटेलातल्या बुखारी नावाच्या शेगडीजवळ ठेवायचे नाहीत. चामडं पापडासारखं कडक होऊन तडकतं. अस्तर मोकळं करून, सावलीत, सबुरीनं वाळवायचे. एवढे लाड बकऱ्याच्या कातड्याचे! घरच्यांच्या भेगाळलेल्या टाचांना मात्र बाटलीच्या तळाशी गोठलेलं खोबरेल.