अळणी

(रंगमंचावर एक स्टूल. त्यावर वाटी आणि चमचा. तो येतो, ओठ घट्ट मिटलेले. प्रेक्षकांकडे बघून सावकाश हसतो. तारेवर लाइट चमकतो.)

दिसलं? शेवटच्या रांगेतनं पण दिसलं असणार.

वय वर्षं 44, पोरगी दहावीला, आणि बापाच्या दाताला तार. गल्लीत बातमी फुटली, पण एकानं विचारलं नाही, दुखतंय काय म्हणून. (कानाशी येऊन) "काय रं, घरात सगळं बरं हाय न्हवं?" चष्मा लावला तर नंबर विचारतात, दात सरळ करायला घेतले की संसार विचारतात!

डॉक्टरांनी तार बसवली, आरसा दाखवला आणि म्हणाले, "सुरुवातीला मऊ खायचं."

कोल्हापूरच्या माणसाला हे असं उभ्या उभ्या सांगतात?

मी म्हटलं, "मटण जरा जास्त शिजवलं तर?"

"खिचडी खा."

"मिसळ?"

"फरसाण काढून."

फरसाण काढल्यावर उरतोय तो कट! तो तर मिसळीवर मागंल तेवढा मिळतोय, त्यासाठी मिसळ कशाला मागवू?

"बरं, ऊस?"

डॉक्टरांनी नुसतं बघितलं. (बघतो.) असं.

ऊस दातानं सोलायचा नाही. पेरू नाही, चिक्की नाही, कणसाचे दाणे सोलून, आणि भडंगाच्या तर वाऱ्याला उभं राहायचं नाही. आता ही तार निकेल-टायटॅनियमची. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत जन्मलेला धातू! आणि भितोय कुणाला? शेंगदाण्याला. एक शेंगदाणा वाकडा चावला की ब्रॅकेट सुटून हातात.

रात्री केळं खाल्लं. (चावतो. कळवळतो.) केळं लागलं हो! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन. ते म्हणाले, "दुखणारच. दात ज्या बाजूला सरकतोय तिकडचं हाड झिजतं आणि मागच्या बाजूला नवीन भरतं." म्हटलं, थांबा. म्हणजे शेजारी रोज थोडा थोडा बांध कोरून आपल्या रानात सरकतो, तसं? म्हणाले, "तसंच समजा." अहो, आमच्या आज्यापासनं बांधाची केस चालू आहे! आणि मी इथं पैसे भरून तोंडात बांध सरकवून घेतोय!

(वाटी उचलतो.) मग घरात बदल सुरू झाले. बायको म्हणाली, "अहो, भाकरी मी दुधात कुस्करून देतो की." सकाळी उकड, दुपारी गुरगुट्या भात, रात्री मुगाची खिचडी. मिक्सर तर एवढा चालला की खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायला आल्या, मसाल्याची ऑर्डर घेतलीय काय.

खिचडीत हळद. हळदीचं सांगतो. दिसू नये म्हणून मी जादा पैसे भरून दाताच्या रंगाचे ब्रॅकेट घेतले होते, त्यावर पारदर्शक रबरं. पण शेजारी सांगली! हळदीची एवढी मोठी बाजारपेठ उशाला घेऊन मी पारदर्शक राहणार होय? दोन दिवसांत सगळी रबरं पिवळीधमक. बदलणार कधी? पुढच्या वेळी तार बदलताना, म्हणजे महिन्यानं. तोवर मी तोंड उघडलं की भंडारा.

आणि त्यातच आखाड आला. मामांच्या घरी जेवण. दारातच तांबड्याचा वास. मी रुबाबात मोठ्यांच्या पंगतीला बसलो. मामी ताट घेऊन आल्या, माझं तोंड बघितलं आणि... (हात धरून उठवल्यासारखं) "तुम्ही इकडं बसा." इकडं म्हणजे पोरांत! ज्यांना तिखट सोसत नाही त्यांची ती पंगत. समोर वाटी आली, अळणी. ज्या माणसानं लग्नात तांबड्याच्या सात वाट्या रिचवल्या, त्याला अळणी भात! तोही मामींनी कालवून.

शेजारी बारा वर्षांची पुतणी. तिच्याही दाताला तार. माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, नवीन?"

म्हटलं, "होय गं."

"मेण घेतलंय? गाल सोलतंय तिथं लावायचं. कोथिंबीर खाऊ नका, पुढं अडकते, आणि कोणी सांगत नाही. मटण मऊ बघून बारीक तोडायचं, मागच्या दाढेला ठेवायचं. घाई नाही करायची." मग खांद्यावर हात ठेवला. "माझं तीनदा टाईट झालंय."

मी तिला अहोजाहो करायला लागलो.

तेवढ्यात तिनं डोळ्यानं खुणावलं. पातेल्याच्या कडेला... नळी! (उठून उभा राहतो.) आत मगज! लोण्यासारखा मऊ! डॉक्टरांनी सगळ्या जिनसांची यादी दिली, पण नळीचं नाव कुठं घेतलंय? चावायची नाही, ताटावर आपटायची आणि नुसतं... (ओढल्याचा आवाज.)

मी हात पुढं केला. समोरनं दुसरा हात आला.

आई.

आईला कवळी आहे, पण ती फोटोपुरती. जेवताना काढून वाटीत. आता दोघांनी नळीला धरलंय, सोडत कुणी नाही. म्हटलं, "आई, अगं डॉक्टरांनी मला मऊच खायला सांगितलंय."

आई म्हणाली, "तुझं दात जाग्यावर येणार हाईत रं. माझं कुठनं येणार?"

(हात सोडतो. बसतो. वाटी पुढं करतो.)

ओ मामी, अळणी हाय काय अजून?

(अंधार.)