जागामोजणीकारांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. समस्त जागामोजणीकार, मतचाचणीतज्ज्ञ, स्टुडिओतले विश्लेषक आणि रविवारच्या पानांतले भाकीतकार यांस,
मुक्काम लंडन.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, तुमचं एक अभिनंदन बरीच वर्षं राहून गेलं आहे. 2015 च्या ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीआधी तुम्ही वर्षभर एकाच प्रश्नावर घसा कोरडा केलात : युरोपीय युनियनमधून बाहेर पडा म्हणणाऱ्या त्या युकिपला जागा किती मिळणार? उत्साहाच्या भरात काहींनी मोठमोठे आकडे उडवले, पण तुमच्यातल्या जाणत्यांचं मत ठाम होतं. आवाज मोठा, मतं बऱ्यापैकी, जागा मात्र एका हाताच्या बोटांवर. 7 मेच्या रात्री दहाच्या ठोक्याला एक्झिट पोल जाहीर झाला, त्यात युकिपपुढे आकडा होता 2. प्रत्यक्षात आली 1. एवढं नेमकं भाकीत आमच्या पंचांगवाल्यांनाही जमत नाही.

बाकीच्या आकड्यांचं काय झालं ते जाऊ दे. हुजूर आणि मजूर या दोन पक्षांना तुमच्या शेवटच्या चाचण्यांनी अगदी गळ्यात गळा घालून बसवलं होतं. त्रिशंकू संसद येणार म्हणून कोण कुणाला पाठिंबा देईल याचे तक्तेसुद्धा रंगवून तयार होते. एक्झिट पोल ऐकून उदारमतवाद्यांचे माजी नेते पॅडी ॲशडाऊन यांनी, हा खरा ठरला तर मी माझी टोपी खाईन, असं थेट प्रक्षेपणात कबूल केलं. सकाळी हुजूर पक्ष साडेसहा टक्क्यांनी पुढे आणि पंतप्रधान कॅमेरन स्पष्ट बहुमतात. मग रीतसर चौकशी समिती बसली आणि तिने सांगितलं की नमुनाच चुकला होता. शितावरून भाताची परीक्षा ठीकच, पण तुम्ही शितं दुसऱ्याच पातेल्यातली उचललीत.

म्हणजे जिथे तुम्ही चुकलात तिथे चौकशी झाली. जिथे तुम्ही बरोबर आलात त्याची चौकशी कुणीच केली नाही. ती करावी, एवढ्यासाठीच हे पत्र.

आठवून पाहा. 2014 च्या मे महिन्यात युरोपीय संसदेची निवडणूक झाली आणि ब्रिटनच्या 73 पैकी 24 जागा घेऊन युकिप पहिला आला. हुजूर नाही, मजूर नाही, तिसराच कुणीतरी देशव्यापी निवडणुकीत पहिला, हे शंभरएक वर्षांत घडलं नव्हतं. ऑगस्टात खासदार डग्लस कार्सवेल हुजूर पक्ष सोडून युकिपमध्ये आले, ऑक्टोबरात क्लॅक्टनची पोटनिवडणूक लढले आणि जवळजवळ साठ टक्के मतं घेऊन जिंकले. पुढच्याच महिन्यात रॉचेस्टरहून मार्क रेकलेस तसेच जिंकून आले. त्याबरोबर तुमच्या स्टुडिओतला तो प्रसिद्ध 'स्विंगोमीटर' बिचारा गोंधळला. त्याचा काटा डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे एवढंच जाणतो. चार-पाच पक्षांची ओढाताण दाखवायची तर काट्याला हातपाय फुटायला हवेत.

त्यावर तुम्ही उपाय काढलात : युकिप कुणाची मतं खाणार? हा प्रश्न ऐकून आम्हा मराठी माणसांना एकदम घरच्यासारखं वाटलं. 2009 च्या लोकसभेला मनसेच्या उमेदवारांनी मुंबईत लाख-लाख मतं घेतली, सेना-भाजप युतीच्या पदरात मुंबईतली एकही जागा पडली नाही आणि पुढची कित्येक वर्षं पारावर, नाक्यावर आणि चॅनेलांवर 'मतं खाल्ली' याशिवाय दुसरं क्रियापद ऐकू आलं नाही. कॅमेरन साहेबही त्याच सुरात बोलले. रात्री युकिपचे नेते फराज यांच्याबरोबर झोपायला जाल तर सकाळी मजूर पक्षाचे नेते मिलिबँड यांच्याबरोबर उठाल, असा त्यांनी मतदारांना धाक घातला. शय्यागृहातल्या या उपमेवर तुम्ही दोन आठवडे चर्चा केलीत. प्रत्यक्षात मॉर्ली आणि आऊटवूडमध्ये मजूर पक्षाचे एड बॉल्स 422 मतांनी पडले, आणि त्याच मतदारसंघात युकिपच्या पेटीत जवळपास आठ हजार मतं होती. ती सगळी कुणाच्या ताटातली होती, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण फराजबरोबर झोपलेला देश सकाळी उठला तो कॅमेरनच्या शेजारी, एवढं नक्की.

मग तुमचा दुसरा सिद्धांत. हा वेड्यांचा बाजार आहे, आपणहून उठेल. याला आधार भक्कम होता. खुद्द कॅमेरन यांनी 2006 मध्येच युकिपवाल्यांना अर्धवट, माथेफिरू आणि बहुतेक करून छुपे वंशद्वेष्टे म्हणून टाकलं होतं, आणि पक्षानेही त्या शब्दाला जागण्याची पराकाष्ठा केली. हेन्लीच्या एका नगरसेवकाने महापुराचं खापर समलिंगी विवाहाच्या कायद्यावर फोडलं. पोर्ट टॅलबॉटच्या कार्यक्रमाला उशीर झाला तेव्हा फराज यांनी एम-फोर महामार्गावरच्या गर्दीचा दोष बाहेरून आलेल्या लोकांना दिला. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणालात, आता संपलं. प्रत्येक वेळी चाचणीत आकडा तिथल्या तिथे. चर्चेचा एक कार्यक्रम तर मी विसरणार नाही. समोरचे प्रेक्षक बीबीसीच्या मानानेही फारच डावे आहेत, असं फराज भर कार्यक्रमात म्हणाले, आणि प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. सूत्रसंचालक डिंबल्बींनी लगेच खुलासा केला की प्रेक्षक बीबीसीने नव्हे, एका स्वतंत्र मतचाचणी कंपनीने निवडले आहेत. तीन आठवड्यांनी त्याच धंद्यातल्या सगळ्या कंपन्यांचे नमुने चुकलेले निघाले. फराज यांची ती तक्रार खरी होती असं मी म्हणत नाही, पण तुमच्यापैकी कुणाला निदान तेव्हा तरी हसू आलं का, एवढं कळवावं.

असो. आता साउथ थॅनेटच्या मतमोजणीचं ते व्यासपीठ डोळ्यांपुढे आणा. युकिपचा नेता सातव्यांदा वेस्टमिन्स्टरसाठी उभा आहे. 1994 साली ईस्टलीला तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा हजार मतंसुद्धा पडली नव्हती. 2010 मध्ये तर ऐन मतदानाच्या दिवशी पक्षाचा फलक ओढत नेणारं छोटं विमान कोसळलं आणि गडी त्यातूनही जिवंत बाहेर आला. या वेळी त्याच्या विरोधात एक विनोदी नटही उभा आहे. अल मरे, त्याच्या त्या गुत्तेवाल्याच्या सोंगात. त्याला मतं 318. जिंकतो मात्र क्रेग मॅकिन्ले, हुजूर पक्षाचा, 2,812 मतांनी. आणि हा मॅकिन्ले कोण, तर एके काळचा युकिपचाच संस्थापक सदस्य. त्याच दिवशी त्याच थॅनेटच्या मतदारांनी तिथलं नगरमंडळ मात्र युकिपच्या हाती दिलं. हरलो तर नेतेपद सोडीन, या दिलेल्या शब्दाप्रमाणे फराज यांनी राजीनामा दिला. तीन दिवसांनी पक्षाने तो परत त्यांच्या हातात ठेवला. राजीनाम्याची ही जत्रा पाहून आम्हाला पुन्हा एकदा घरची आठवण आली.

हिशोब असा : युकिपला मतं 38 लाख 81 हजार, जागा एक. स्कॉटिश राष्ट्रवाद्यांना साडेचौदा लाख, जागा छप्पन्न. यावर तुम्ही हळहळलात, पण त्या पद्धतीला दोष देताना आमच्याकडे बघू नका. ती तुम्हीच आमच्याकडे ठेवून गेलात, आणि 2014 च्या लोकसभेत बसपाने दोन कोटींहून जास्त मतं घेऊन शून्य जागा मिळवून तिचा मान राखला. शिवाय 2011 मध्ये ही पद्धत बदलायची का असं तुमच्या जनतेला सार्वमताने विचारलं होतं. दोन तृतीयांशांनी नको म्हटलं.

पक्षाच्या त्या एकुलत्या एका जागेचीही कथा मोठी गमतीची. एवढ्या मतांमागे विरोधी पक्षाला सरकारी तिजोरीतून जो निधी मिळतो तो वर्षाला साडेसहा लाख पौंडांच्या घरात गेला. पक्ष म्हणाला, घ्या, पंधरा माणसं नेमा. कार्सवेल म्हणाले, मी एकटा खासदार, पंधरा माणसांचं करू काय? निवडणुकीनंतरचा पहिला आठवडा या भांडणात गेला आणि तुम्ही पडद्यावर निकाल लावून टाकलात : युकिपची हवा संपली.

आता चौकशीचा मुद्दा. 23 जानेवारी 2013 रोजी कॅमेरन यांनी लंडनमधल्या ब्लूमबर्गच्या कचेरीत भाषण करून युरोपीय युनियनमध्ये राहायचं की नाही यावर सार्वमताचं वचन दिलं. त्या दिवशी हाउस ऑफ कॉमन्समध्ये युकिपचे खासदार किती होते? शून्य. क्लॅक्टन अजून पावणेदोन वर्षं लांब होतं. मग वचन दिलं कुणाच्या भीतीने? त्याआधी सव्वा वर्ष, 2011 च्या ऑक्टोबरात, हुजूर पक्षाच्या 81 खासदारांनी पक्षादेश झुगारून सार्वमताच्या बाजूने मत दिलं होतं. त्यातले काही जन्मजात युरोपद्वेष्टे होते हे खरंच. पण त्यांच्या मागे बसलेले कितीतरी साधे, घाबरट गृहस्थ होते. त्यांचं मताधिक्य चार हजारांचं आणि युकिपचा कुणी निवृत्त शिक्षक सहज पाच हजार मतं घेऊन जाईल अशी चिन्हं. त्या शिक्षकाला निवडून यायचंच नव्हतं. तो नुसता उभा राहिला की काम होत होतं. तुमच्या तक्त्यात त्याच्यापुढे 'पराभूत' असा शेरा आला, आणि तो शेरा तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता.

त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे, युकिपला वीस-पंचवीस जागा मिळून संसद त्रिशंकू झाली असती, कॅमेरन पुन्हा उदारमतवाद्यांच्या कुबडीवर आले असते, तर सार्वमताचं ते वचन आघाडीच्या वाटाघाटीत गहाळ होण्याचीच शक्यता जास्त. पक्ष एका जागेवर अडला, हुजूर पक्षाला बहुमत मिळालं, आणि कॅमेरन यांना वचन मोडायला निमित्तच उरलं नाही. 23 जून 2016 ला 51.9 टक्के लोकांनी बाहेर पडा म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधानांनी दारात उभं राहून राजीनामा जाहीर केला. 2017 च्या निवडणुकीत युकिपला दोन टक्केसुद्धा मतं पडली नाहीत, जागा शून्य. तुमच्या रकान्यात एकावरून शून्यावर घसरण. देश मात्र 31 जानेवारी 2020 ला युनियनमधून बाहेर.

आणि या सगळ्या खटाटोपाला पैसा पुरवला कुणी? युरोपने. 1999 पासून ब्रिटनमध्ये युरोपीय संसदेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व आलं नसतं, तर फराज यांना ब्रसेल्सचा पगार, भत्ते आणि तिथला ध्वनिक्षेपक मिळाला असता की नाही शंकाच आहे. पक्षाचे मूळ संस्थापक, इतिहासाचे प्राध्यापक ॲलन स्केड, यांचं धोरण होतं की निवडून आलो तरी त्या संसदेत बसायचं नाही. ते 1997 मध्ये बाहेर पडले. नंतरच्यांनी बसायचं ठरवलं, आणि चांगलं ऐसपैस बसले.

एक आमच्या घरचा विषय, ओझरताच. भारतीय पासपोर्ट घेऊन हौंस्लोत राहणाऱ्या मराठी माणसाला राष्ट्रकुलाच्या जुन्या नात्याने 2015 लाही मत होतं आणि 2016 लाही. शेजारच्या पोलिश सुताराला दोन्ही वेळा नव्हतं. शिवाय भारतातून आणि ऑस्ट्रेलियातून आलेले लोक आपल्याला जरा अधिक बरे वाटतात, त्यांना इंग्रजी येतं, असं खुद्द फराज यांनीच सांगितलेलं. सांगितल्यावाचून सगळी पुढची गणितं आम्हाला कळली. जावई आणि बिऱ्हाडकरू यांच्यातला फरक आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि आपण जावई नव्हे एवढंही. पण या मतदाराचा रकाना तुमच्या कुठल्याच तक्त्यात दिसला नाही. असता तर हौंस्लोच्या ढोकळ्यापासून लेस्टरच्या साडीच्या दुकानापर्यंत तुम्हाला काही चमत्कारिक मतं ऐकायला मिळाली असती.

आता पक्ष नवा आहे, युरोपचा प्रश्न मागे पडून स्थलांतराचा पुढे आला आहे, माणूस तोच आहे. 2024 मध्ये फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने 41 लाख मतं आणि पाच जागा घेतल्या. फराज आठव्या खेपेला निवडून आले, तेही क्लॅक्टनमधूनच. 35 लाख मतं मिळवणाऱ्या उदारमतवाद्यांना त्याच दिवशी 72 जागा. 2025 च्या मे महिन्यात रनकॉर्नची पोटनिवडणूक रिफॉर्मने 6 मतांनी जिंकली, आणि तुम्ही पुन्हा कॅल्क्युलेटर काढून बसलात : पुढच्या निवडणुकीत जागा किती? शंभर? तीनशे? तुम्ही बरोबरही याल कदाचित. मागच्या वेळी आला होतातच.

तेव्हा एकच विनंती. निकालाच्या रात्री 'मिळालेल्या जागा' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा : 'घाबरलेले खासदार, इतर पक्षांचे'. तो मोजायला काय यंत्र लागेल ते तुम्ही शोधाल. सुरुवातीची नोंद म्हणून 2011 चा आकडा टाकायला हरकत नाही. तो 81 होता.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
भारतीय पासपोर्टवर ब्रिटिश मतपत्रिका भरणारा एक मतदार