येणे बाकी

सिनेमा संपून दिवे लागले की माणसं खुर्चीखाली चपला शोधतात. आमचे काका दिग्दर्शक शोधतात. तो सहसा तिथं नसतो, म्हणून मी सापडतो. "परत फसवलं रे," असं म्हणत ते माझं कोपर धरतात आणि चहाच्या टपरीपर्यंतच्या दोनशे पावलांत त्या सिनेमाचं शवविच्छेदन उरकतात.

प्रत्येक फिल्म क्लबात असे एक काका असतात. पुण्यात दोन-तीन असतात आणि त्यांचं आपसांत पटत नाही. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, शबनममध्ये मफलर (एसीवर विश्वास नाही) आणि एक लाल वही. बसायचं कडेच्या खुर्चीवर, म्हणजे न आवडल्यास उठून जाता येतं. चाळीस वर्षांत एकदाही उठलेले नाहीत. फसवणूक पूर्ण झाल्याशिवाय तक्रार नोंदवायची नाही, ही त्यांची बँकेतली शिस्त.

युद्धपट, भयपट, पौराणिकपट त्यांना चालतात; तिथं अपेक्षाच नसते. पण पोस्टरवर एक पुरुष, दोन बायका आणि तिघांची तोंडं तीन दिशांना दिसली की काका पाघळले. 'गुंतागुंतीचे नातेसंबंध' हे शब्द ते 'उकडीचे मोदक' म्हणावं तसे म्हणतात. मोदक फोडला की आत सारण निघत नाही, ही त्यांची जन्माची व्यथा.

वहीत तीन रकाने आहेत. पहिल्यात सिनेमानं काय कबूल केलं, दुसऱ्यात काय दिलं आणि तिसऱ्यात 'येणे बाकी'. हा तिसरा रकाना १९८१च्या 'सिलसिला'पासून फुगत आलाय. "अमिताभ, जया, रेखा! एवढं तारण हातात असताना यश चोप्रांनी केलं काय? विमानं पाडली! पहिलं पडलं म्हणून अमिताभ-जयाचं लग्न झालं, दुसरं पडलं म्हणून ते टिकलं. हा नातेसंबंधांचा सिनेमा नाही रे, हवाई वाहतुकीचा आहे."

२००६ साली 'कभी अलविदा ना कहना' आला. "तीन तासांच्या वर! न्यूयॉर्कला जाऊन, दोन संसार मोडून दोघं करतात काय? रडतात! अरे, पाप करताय तर चेहरा तरी प्रसन्न ठेवा. आमच्याकडचे कर्ज बुडवणारेसुद्धा ह्यांच्यापेक्षा आनंदी असायचे."

'गहराइयाँ'वर (२०२२) त्यांची फार भिस्त होती. नातवाच्या लॅपटॉपवर, इअरफोन लावून पाहिला. अलिबागचं घर, समुद्र, दोन चुलत बहिणी, एकीचा होणारा नवरा दुसरीत गुंतलेला. "पहिला तासभर मी ह्यांना सगळं माफ केलं होतं. मग एकदम पैशांचा घोटाळा, बोट, झटापट आणि माणूस समुद्रात! नातं बुडताना दाखवायचं, तर ह्यांनी माणूसच बुडवला." वहीत शेरा पडला : 'बुडीत खाते. शब्दशः. पैशांच्या भानगडी मात्र बिनचूक.'

ह्या सगळ्यातून त्यांचा 'शेवटच्या वीस मिनिटांचा सिद्धान्त' निघाला. दिग्दर्शक सगळे शूर असतात, पण वीस मिनिटं उरेपर्यंतच. मग त्यांना एकदम आपली आई हा सिनेमा बघणार असल्याचं आठवतं. मग कोणीतरी मरतं, कोणाला तरी दिवस जातात, कोणीतरी परदेशी निघतं आणि उरलेल्यांची नीट जोडी लावून दिली जाते. "शेवट बांधता कशाला?" काका टपरीवर ओरडतात. "उघडा सोडा! प्रेक्षकाला घरी घेऊन जाऊ दे!" टपरीवाल्याला वाटतं, पार्सल पाहिजे.

ह्या सिद्धान्तातून शांतारामबापूसुद्धा सुटत नाहीत. १९३७ साली, आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या प्रभात स्टुडिओत, त्यांनी 'कुंकू' काढला. म्हाताऱ्याशी लग्न लावलेली मुलगी सिनेमाभर ताठ उभी राहते, कोणाचं म्हणून ऐकत नाही. "आणि शेवटी? म्हाताऱ्याला जीव द्यायला लावला! जिवंत म्हाताऱ्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता." हे वाक्य म्हणताना काका, वय वर्षं त्र्याहत्तर, हल्ली जरा घुटमळतात. ना. ह. आपट्यांच्या ज्या कादंबरीवरून 'कुंकू' निघाला, तिचं नाव 'न पटणारी गोष्ट'. काकांच्या मते हे नाव एकाच कादंबरीवर खर्च करायला नको होतं. जगातल्या सगळ्या प्रेमपटांत वाटून द्यायचं.

राहता राहिलं 'ते' दृश्य. काका त्याला 'तो भाग' म्हणतात. तो भाग असला तर "गरज नव्हती". नसला तर "हात आखडता घेतला". अंधारात असला तर "लपवाछपवी", उजेडात असला तर "बीभत्स". नेमका कसा हवा होता, असं मी एकदा विचारलं. काका बराच वेळ चहाच्या ग्लासात बघत राहिले. म्हणाले, "सूचक. पण स्पष्ट."

दोष त्यांचा नाही, जन्मसालाचा आहे. १९३३च्या 'कर्मा'त देविकाराणी आणि हिमांशु राय ह्यांचं पडद्यावर चुंबन झालं, ते काकांच्या वडिलांच्या वाट्याला गेलं. काकांच्या वाट्याला आली एकमेकांना टेकणारी दोन फुलं. १९६९ साली खोसला समितीनं, कथेला गरज असेल तर चुंबनाला हरकत नसावी, असा अहवाल दिला, तेव्हा काका सतरा वर्षांचे होते. ते कात्रण अजून त्यांच्याकडं आहे. फुलं मात्र पुढं कितीतरी वर्षं टेकतच राहिली.

मग १९८४ साली मुंबईत चित्रपट महोत्सव भरला. महोत्सवात सिनेमे न कापता दाखवतात, ही बातमी बँकेत व्याजदराच्या बातमीपेक्षा लवकर पसरली होती. काकांनी मामा वारल्याचा अर्ज टाकला (तिसरा मामा), दादरला मावसभावाकडं उतरले, दोन तास रांगेत उभे राहिले आणि नावात 'नग्न' असा काहीतरी शब्द असलेल्या एका पूर्व युरोपीय सिनेमाचं तिकीट मिळवलं. नग्न निघाली ती जमीन. विषय सहकारी शेती. दोन तास ट्रॅक्टर. शेवटी एक आंघोळ होती, तीही ट्रॅक्टरची. 'येणे बाकी'तली सगळ्यात मोठी रक्कम अजूनही तीच आहे. पुढं २०१८ साली 'न्यूड' आला, तेव्हा काका पुन्हा नाव वाचून गेले. मुलाच्या शिक्षणासाठी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये मॉडेल म्हणून बसणाऱ्या आईची ती गोष्ट. रुमाल भिजवून बाहेर आले. त्या दिवशी वहीत एवढंच लिहिलं : 'चूक आपलीच.'

काकू सिनेमाला येत नाहीत. पूर्वी यायच्या आणि मध्यंतरानंतर झोपायच्या. १९८२चा 'अर्थ' तेवढा त्यांनी टक्क जागेपणी बघितला. बाहेर आल्यावर "छान होता" म्हणाल्या. काका तेव्हा शेवटाचं विश्लेषण करत असल्यामुळं, काय छान होतं हे विचारायचं राहून गेलं.

गेल्या पावसाळ्यात क्लबनं वाँग कार-वाईचा 'इन द मूड फॉर लव्ह' दाखवला. हाँगकाँग, साल १९६२. शेजारशेजारी राहणारे दोघं. त्याची बायको आणि हिचा नवरा ह्यांचं आपसांत जमलेलं. आता मागं राहिलेल्या ह्या दोघांचं काय होणार? ती नूडल्सचा डबा घेऊन जिना उतरते, तो चढतो, पाऊस पडतो. तो भाग नाही. विमान नाही, बोट नाही. शेवटी तो अंगकोर वाटच्या दगडी भिंतीतल्या एका भोकाला तोंड लावून आपलं गुपित कुजबुजतो आणि निघून जातो. काय कुजबुजला, ते आपल्याला ऐकू येत नाही.

दिवे लागले. मी कोपर तयार ठेवून उभा. काका उठेचनात. टपरीवर चहा निमूट प्यायले, ग्लास ठेवला, "निघतो" म्हणाले. वही शबनममध्येच राहिली.

चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी आला तो काकूंचा. "अरे, काय दाखवलंस ह्यांना? जेवताना माझ्याशी बोलतायत."

संध्याकाळी गेलो. काकू स्वयंपाकघरात तोंडली चिरत होत्या. काकांनी मला गॅलरीत नेलं, दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "परवा हिला सहज विचारलं. लग्नाआधी तुला कोणी आवडायचं का, म्हणून."

"मग?"

"मान वर न करता म्हणते, 'होता की एक.'"

"कोण?"

"नाव सांगत नाही. साताऱ्याचा होता आणि त्याच्याकडं सायकल होती, एवढंच. बरं, काही घडलं होतं का? तर हसते. बरं, मग पुढं काय झालं? तर म्हणते, 'पुढं तुमचं स्थळ आलं.' संपलं! उठून कुकर लावायला गेली!"

"अहो काका, हेच तर तुम्हाला हवं होतं. कोणी मेलं नाही, कोणी बुडलं नाही. सूचक, पण स्पष्ट. शेवट उघडा, प्रेक्षकानं घरी घेऊन जावा असा."

"घरी कुठं घेऊन जाऊ?" काका म्हणाले. "हा घरातच आहे."

आतून काकूंची हाक आली, "अहो, चहा गार होतोय." आवाजात विशेष काही नव्हतं. पंचेचाळीस वर्षं तो असाच येत असणार. काका उठले नाहीत. त्यांनी खुंटीवरची शबनम ओढली, लाल वही काढली, कोरं पान उघडलं. सिनेमाच्या नावाची जागा मोकळी सोडली, पहिले दोन रकाने ओलांडले आणि तिसऱ्यावर पेन टेकवून थांबले.

"अरे," मला म्हणाले, "पंचेचाळीस वर्षांत मी हिला हे एकदाही विचारलं नव्हतं. मग हे येणे धरायचं, की देणे?"